तू ग्वाल्हेरला गेला आहेस

बापू, तुला मी ग्वाल्हेरला पाठवलं आहे. रागावू नकोस, तोंडातून निघून गेलं.

झालं असं, की तुला जाऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळची पानं वाढलेली. आई पाटावर येऊन बसली, उजवीकडच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बापू कुठाय?" मी पहाटेपासून याच प्रश्नाची वाट पाहत होतो. उत्तरही चांगलं गुळगुळीत करून ठेवलं होतं: बापू उज्जैनला गेलाय, पोरांच्या परीक्षा घ्यायला. पण ऐन वेळी जीभ सवयीच्या गाडीत बसली. मी म्हणालो, "ग्वाल्हेरला गेलाय. दफ्तराबरोबर."

आईनं मान वर केली. "ग्वाल्हेरला तर नाना जातो."

मी भात कालवत राहिलो.

"मग तू कोण?"

आता यातली गोम कळायला माणूस मध्यभारतातला हवा. आपलं सरकार उन्हाळ्यात इंदूरला बसतं आणि सरदी पडली की ग्वाल्हेरला. दिवाळी सरली की फायली पेट्यांत, पेट्या रेल्वेत, आणि पेट्यांमागे आम्ही बाबू लोक, वरातीमागून घोडं निघावं तसे. म्हणजे थंडीत या घरात बापू असतो आणि नाना नसतो, हा आता नियमच झालेला. तू पडलास डॉक्टरीच्या पोरांना माणसाचं शरीर उकलून दाखवणारा मास्तर. तुझा ग्वाल्हेरशी संबंध काय?

"मी नानाच गं," मी म्हणालो. "या साली माझ्याऐवजी बापूला पाठवलं."

"अस्सं. आणि त्याचे मुडदे? ते पण नेले का पेट्यांत घालून?"

तुझी वहिनी वाढता वाढता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हसत होती की रडत, ते पाठीवरून सांगता येईना. मी मात्र वरणाच्या वाटीत तोंड खुपसलं. जन्मभर घरात गोष्टी सांगितल्या आणि जी एकच गोष्ट खरी वाटायला हवी होती, तीत पहिल्याच वाक्याला पकडला गेलो.

तू असतास तर सुटला असतास का? नाहीच. आपले खापरपणजोबा फौजेबरोबर नर्मदा ओलांडून माळव्यात आले, ती गोष्ट मी पाहुण्यांना सांगायला लागलो की तू वर्तमानपत्राआडून कान लावून बसायचास. नदीला पूर आलाय, पलीकडे शत्रू आहे, पणजोबांनी पांढऱ्या घोड्याला टाच मारलीय, पाहुण्यांचा चहा निवतोय, आणि तेवढ्यात वर्तमानपत्र बोलायचं, "मागच्या गणपतीत ती घोडी होती." पाहुणे हसायचे, पणजोबा बुडायचे. मला तुझा इतका राग यायचा, बापू. आता ते वर्तमानपत्र तसंच घडी न मोडता कोनाड्यात येऊन पडतं. काल मी एकटाच होतो, तरी पणजोबांना मुद्दाम उंटावर बसवून पाहिलं. कोणी काही बोललं नाही.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडणार आहे. आपलं भांडण अर्ध्यावर आहे आणि तू मधून उठून गेलास. सभेतून असं उठून जाणं आम्ही दफ्तरातसुद्धा मंजूर करत नाही.

तू गेल्याची तार ग्वाल्हेरला पोचली, मग मी इथं पोचलो, आणि तू तर पुढे जाऊन पोचलेलासुद्धा. अग्नी अण्णाकाकांनी दिला. माझ्या हाताला काही लागलंच नाही, राखेशिवाय. म्हणून असेल, मला तुझं जाणं अजून पटत नाही, आणि खरं सांगू का, पटवून घ्यायची घाईही नाही. सगळे येऊन सांगतात, "नाना, आता मानायला हवं." का मानायला हवं? कोणाचं काय अडलंय माझ्या न मानण्यानं? अडलं होतं ते आईचं. त्याबद्दलच लिहायला बसलोय.

तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय मलाच ते नीट दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी आईचा ताप डोक्यात चढला. वाचली, पण उठली तेव्हा तिच्यातला एक दरवाजा बंद झाला होता. जुनं सगळं जागच्या जागी. लग्नातली देणीघेणी, माझ्या मुंजीत कोण रुसलं होतं, लोणच्याला मीठ किती, सगळं. पण नवीन काही टिकत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारच्या चहापर्यंत धुऊन गेलेलं. आपण दोघं भाऊ तिच्याशी दोन तऱ्हांनी वागायला लागलो. ती जे विचारेल त्याला मी सोयीचं उत्तर द्यायचो आणि तू खरं सांगायचास. "नाना, ती आजारी आहे, वेडी नाही," तू म्हणायचास. "तिला फसवायचा तुला काय हक्क?" आणि मी म्हणायचो, "तुझ्या खऱ्याचं लोणचं घाल."

मग या नवरात्रात देवासचा मामा गेला. आईचा एकुलता एक भाऊ. तू तिच्याजवळ बसलास, तिचा हात हातात घेतलास आणि सांगितलंस. चांगलं सांगितलंस, मला कबूल आहे, इतक्या हलक्या हातानं मला जमलं नसतं. आई रडली. मग पाणी मागितलं, प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "आज वार कोणता?" मामा धुऊन गेला होता. पण रडू गेलं नाही. संध्याकाळपर्यंत ती मधूनच डोळे पुसायची आणि आपल्याकडे बघायची. "मला असं का होतंय रे? काही वाईट झालंय का? कोणी मला सांगत का नाही?"

तुझा चेहरा मी पाहिला होता तेव्हा. तू जिना उतरून खाली भडभुंज्याच्या भट्टीपाशी जाऊन उभा राहिलास. फुटाणे विकत घेऊन आलास, पण पुडी सोडली नाहीस.

दुसऱ्या दिवशी बाजारात नवी गोभी आली होती. तू विळीवर बसलास आणि तो गड्डा मधोमध चिरून आमच्यापुढे धरलास. तुझी वहिनी कणीक मळत होती, मी ग्वाल्हेरला न्यायचे कपडे काढून बसलो होतो. "वरची ही फुलं पाहिलीत?" तू म्हणालास. "हा नवा मेंदू. हिशेब, भाषा, शहाणपण, नानाची फायलीवरची टिपणं. आणि आत दांड्याला धरून ही जी कड आहे ना, ही जुनी वस्ती. सरड्यालाही थोडीफार असते. राग, भीती, माया, रडू, सगळे इथले रहिवासी. लॅटिनमध्ये काठाला लिंबस म्हणतात, म्हणून याला नाव दिलं लिंबिक."

"लिंबू?" तुझ्या वहिनीनं विचारलं.

"लिंबिक, वहिनी."

"तेच ते."

झालं, तेव्हापासून या घरात मेंदूच्या काठाचं नाव लिंबू पडलं. मी चिडलो की तू म्हणायचास, "नानाचं लिंबू पिळलं गेलं." पण त्या दिवशी तू हसण्यावारी नेलं नाहीस. तुला काहीतरी हाताशी लागलं होतं. "तुझ्या भाषेत सांगतो, नाना. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी मधल्या दफ्तरात जातं, तिथं शिक्का बसतो, मग पुढे. वास तेवढा असा आहे, की तो शिक्क्यासाठी थांबत नाही. मागच्या दारानं थेट या काठावर. उगाच नाही आपण राहण्यालाही वासच म्हणत."

"मग आपल्या मल्हारगंजात गटाराचाही वास आहे," मी म्हणालो.

तू ऐकलंच नाहीस. "आणि या काठालाच लागून एक वळकटी असते. समुद्रघोडा म्हणतात तिला, दिसते तशी. मला वाटतं नवी हकीकत तिथं शिवली जाते. आईची तीच तापात जळली. पण शेजारचं घर शाबूत आहे. म्हणून मामा गेल्याची हकीकत पुसली गेली, दुःख राहिलं. बिनपत्त्याचं दुःख. कुठून आलं ते तिला माहीत नाही, पण घरात येऊन बसलंय."

"वाटतं म्हणजे? पुस्तकात काय लिहिलंय?"

"पुस्तकात अजून नाही. पण आईत आहे."

मी हा घाव कधी विसरणार नाही म्हणून लगेच त्यावर फडकं टाकलं. विचारलं, "घोडा की घोडी?" तू हसलास. पणजोबांचा सूड मी तेव्हा घेतला, निदान तेवढं समाधान.

पण मग खरं भांडण सुरू झालं. मी म्हणालो, "म्हणजे तुझ्या खऱ्यानं काय साधलं? खरं वाहून गेलं आणि रडू तेवढं तिच्या पदरात पडलं. तुझ्याच लिंबानं तुझा मुद्दा खाल्ला." तू म्हणालास, "तिचा भाऊ गेलाय. त्याच्यासाठी रडायचा तिला हक्क आहे." मी म्हणालो, "एकदा. पुन्हा विचारील तेव्हा? रोज सांगशील?" तू विळीवरच्या गोभीकडे बघत राहिलास. तुझी वहिनी म्हणाली, "भावजी, तो मेंदू झाला असेल तर इकडे द्या, भाजी करायची आहे." तू अर्धे तुकडे तिच्या हातात दिलेस आणि मला म्हणालास, "ग्वाल्हेरहून ये, मग बोलू."

आलो मी, बापू. लवकर आलो. बोल.

मी आलो तेव्हा अण्णाकाका रोज दोन्ही वेळा जेवणाच्या आधी येत होते. त्यांच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. म्हातारा माणूस, होळकरशाहीत आयुष्य गेलं, कायद्यात वाढला. पुतण्याला अग्नी द्यायची पाळी आली आणि दिला. त्यांचं म्हणणं एकच: "पोटचा मुलगा गेलाय, नाना. आईनं त्याचं सुतक जाणून पाळायला पाहिजे. ना पाळलं तर तो कुठं जाईल? वहिनी भूल जाते तर आपण याद द्यायची. हे आपलं काम आहे." आणि ते याद द्यायचे. पानं वाढली की समोर बसायचे, घसा खाकरायचे आणि सांगायचे, "वहिनी, आपला बापू गेला."

आणि आईला ते पहिल्यांदाच कळायचं.

तुझ्याकडच्या पोरांना तू काय काय दाखवतोस मला माहीत नाही, पण हे दाखवू नकोस. रोज दोनदा तू मेलास, बापू. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. अण्णाकाकाही दरवेळी तिच्याबरोबर रडायचे, म्हणून मला त्यांचा हात धरून जिना उतरवतही येईना. मग ती विसरायची. आणि मग दुपारभर त्या बिनपत्त्याच्या दुःखाला मांडीवर घेऊन बसायची. छातीवर हात ठेवायची. "इथं काय झालंय रे माझ्या?" शेवटी जेवायचीच टाळाटाळ करायला लागली. पान वाढलं की ती पाट मागे सारायची. का, ते तिला सांगता येत नव्हतं. तिच्यातल्या लिंबाला मात्र पाठ झालं होतं, की पाटावर बसलं की काहीतरी भयंकर होतं.

ती खाईना, हे कळलं तेव्हा मी ठरवलं. अण्णाकाकांना दारातच सांगितलं, "काका, आता आईला सांगायचं नाही. कोणीही नाही." ते म्हणाले, "आणि विचारलं तर?" मी म्हणालो, "गोष्टी सांगायला मी बसलोय ना." छाती काढून म्हणालो. त्याच दिवशी तुला ग्वाल्हेरला पाठवलं आणि त्याच ताटावर तोंडघशी पडलो.

पण खरी आपटी वरणानं दिली. तुझ्या मुडद्यांचा निकाल लागल्यावर आईनं पहिला घास घेतला, तोंडात फिरवला आणि भात तसाच ठेवून म्हणाली, "हे वरण असं मुकं का?"

तुझ्या वहिनीनं मीठ पुढे सरकवलं.

"फोडणी नाही. आमटीला पण नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "घरात सुतक आहे. कोण गेलं?"

तापानं तिचं सगळं नवीन नेलं, पण हे जुनं होतं ना. सुतकात फोडणी नाही, हे तिनंच आपल्या घरात पन्नास वर्षं पाळलेलं. मी ग्वाल्हेर रचीत बसलो आणि घराची चूल मला खोटं पाडत होती. बापू, तुला हसू येईल, मी एका दमात बडोद्याची दूरची आत्या मारली. आपल्याला बडोद्याला आत्या नाही. आई म्हणाली, "अरेरे," आणि खाल्लं थोडं. संध्याकाळी पुन्हा मुकं वरण, पुन्हा "कोण गेलं?" या वेळी माझ्या तोंडातून बडोद्याचे काका गेले. असं करता करता मी बडोद्याचं एक सबंध घराणं संपवलं. आईचं दुःख छोटं झालं, पण थांबलं नाही. आणि मधेच एखाद्या घासाला ती माझ्याकडे अशी रोखून बघायची, जशी लहानपणी खिशातल्या कैऱ्या ओळखून बघायची.

आज सकाळी तुझ्या वहिनीनं वरण उकळायला ठेवलं आणि मग नुसतीच चुलीपुढे बसून राहिली. मी दारात उभा होतो. तिनं फळीवरचा मसाल्याचा डबा काढला, मांडीवर ठेवला, झाकण उघडलं नाही.

"तेरावा व्हायचा आहे," मी म्हणालो. मी, बरं का. जगाशी लढायला निघालेला.

"मला ठाऊक आहे."

"सुतक आहे."

"सुतक मला आहे. तुम्हाला आहे," ती म्हणाली. "आपण पाळू की. आपण फोडणीचं नको खायला. पण त्यांना रोज पानावर बसवून कोण गेलं, कोण गेलं, हे किती दिवस? भावजींना चाललं असतं?"

तुला काय चाललं असतं मला माहीत नाही, बापू. तू ते सांगायचं ठेवून गेलास. तुझ्या तर्फेनं उत्तर द्यायला कोणी नव्हतं, म्हणून मी तुझ्या विरुद्ध निकाल दिला. म्हणालो, "टाक. एक मिरची जास्त टाक."

कढल्यात तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची काळी झाली, आणि घरात इतक्या दिवसांनी वास आला. मी काय सांगू तुला. मागच्या दारानंच आला तो, कोणालाही न विचारता. क्षणभर या घरात काही झालंच नव्हतं. तू आत होतास, मी रजेवर होतो, भांडण अजून व्हायचं होतं. माझे डोळे भरले ते मिरचीनं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. माझ्या तोंडावर कोणी खोटं म्हणालं नाही, कारण ते काम तुझं होतं.

पण फोडणी लपत नाही. ती जिन्यावरून उतरली, गलीत गेली. खालून भडभुंज्याची हाक आली, "नानाभिया, तड़का लगा क्या? उठ गया सुतक?" आणि त्या हाकेमागोमाग अण्णाकाकांची काठी जिन्यावर वाजली. समोरच राहतात ते, त्यांना वास यायला उशीर कशाला लागतो.

दारात उभे राहिले तेव्हा धापत होते. "नाना. सुतकात फोडणी? गलीभर घमघमाट! नाक कापलंस घराण्याचं."

"नाकच तेवढं वाचवलंय, काका," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर सुचलं. "बाकी काही वाचलं नाही या घरात. बापूची शपथ घेऊन सांगतो, तिला आता कोणी काही सांगणार नाही. पाप लागणार असेल तर माझ्या खात्याला लावा. बापूला वर अडवलं तर त्याला सांगा, भाऊ भेटेल तेव्हा भांड. आमचं तसंही बाकी आहे."

"पागल झालास तू," अण्णाकाका म्हणाले. पण आवाज खाली आला होता, कारण आई माजघरातून येऊन पाटावर बसली होती.

ती प्रसन्न होती, बापू. नाक वर करून वास घेत होती. "आज काय विशेष?" म्हणाली. मग मान जराशी कलती करून, कान देऊन बसली. मला कळेना कशाची वाट बघतेय. मोहरीचं तडतडणं केव्हाच थांबलं होतं. चुलीचा आवाज तेवढा राहिला. आईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरायला लागलं.

"बापू घरात नाही का?" ती म्हणाली. "शिंकला नाही."

आपल्या घरात फोडणीला दोन आवाज असायचे. आधी मोहरीचा, मग तुझा. अगदी रांगायचास तेव्हापासून. मिरची तेलात पडली की तू जिथं असशील तिथून शिंका यायच्या आणि आई इथून "शतायुषी हो" म्हणायची. मी हे विसरलो होतो. थंडीत मी इथं नसतोच, आणि उन्हाळ्यात कोण शिंका ऐकत बसतो? मरण लपवायला म्हणून फोडणी घातली आणि फोडणीनंच ते बोट धरून आणून बसवलं. आईनं पानावरचा हात उचलला. तो छातीकडे जाणार, हे मला दिसत होतं.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. सेहेचाळीस वर्षांचा घोडा, सचिवालयातला हेडक्लार्क, मी मागच्या जिन्यावर धावलो आणि शिंकलो.

शिंकलो म्हणजे काय, ओरडलोच. पणजोबा नर्मदेत उडी मारताना ओरडले असते तसा. खाली भडभुंज्यानं मान वर करून पाहिलं.

आतून आईचा आवाज आला, "शतायुषी हो!" आणि मग, किती हलक्या स्वरात, "आला वाटतं. सूनबाई, त्याचं पान घ्या."

मी आत आलो तर अण्णाकाका अजून दारातच उभे. आईनं त्यांना पाहिलं. "अण्णाभावजी, उभे का? बसा, जेवून जा. बापू आत्ताच आलाय, हातपाय धुतोय."

मी अण्णाकाकांकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला. रोज खाकरायचे तसाच. आणि ते म्हणाले, "असं का? आला? बरं झालं, वहिनी. बरं झालं."

जेवले नाहीत. काठी टेकत जिना उतरले. चौथ्या पायरीवर थांबून मला म्हणाले, "तेराव्यापर्यंत मी या घरचं अन्न घेणार नाही. मला विचारू पण नको. अन् हां, उद्या फोडणी घालशील तर खिडकी बंद कर." मग गलीत उतरेपर्यंत पंच्यानं डोळे पुसत होते. मिरची फार झाली होती, त्यांचं पण तेच म्हणणं असेल.

आई पोटभर जेवली. भात पुन्हा मागितला. तुझं पान शेजारी वाढलेलं होतं, त्यावर आमटीचा एक थेंबही कोणी हलवला नाही. तिला वाटत राहिलं तू हातपाय धुतोयस, आणि मग वाटायचंही राहिलं. हात धुऊन झाल्यावर ती तुला विसरली. शिंक विसरली, अण्णाकाका विसरले, पान विसरलं.

पण ऐक, बापू. दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. ती उन्हात पाय सोडून बसली होती आणि ओवीसारखं काहीतरी गुणगुणत होती, जे तापानंतर मी कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "काय गं, आज खुशीत?" ती म्हणाली, "हो रे. बरं वाटतंय. कशानं, कोण जाणे." छातीवर हात ठेवला तिनं, रोज ठेवायची तिथंच. पण आज दाबून नाही. पाहुण्याला बस म्हणताना ठेवतात, तसा.

हे तू सांगितलं नव्हतंस. लिंबात दुःख हकीकतीवाचून राहतं, हे तू विळीवर बसून दाखवलंस, आणि त्याच्यापुढचं तुला सुचलं नाही. आनंदही राहतो, बापू. बिनपत्त्याचा. आई तुला विसरली आणि तू आलास याचा आनंद तिच्याजवळ बसून राहिला. ही गोष्ट मी शोधलीय, माझ्या नावावर लाव. तुझ्या परदेशी पुस्तकांना कळवायची असेल तर कळव, घोडा होता की घोडी ते त्यांचं त्यांनी बघावं.

तर भांडण मी जिंकलो, असं मी समजतो. तुझी हरकत असेल तर ये आणि सांग. कोणाला आपण गेलेला म्हणायचं, याचा निकाल सुतक लावत नाही, अण्णाकाका लावत नाहीत, आणि हो, तूही लावत नाहीस. या घरात जोवर मोहरी तडतडते, तोवर तू ग्वाल्हेरला आहेस किंवा हातपाय धुतोयस. दोन्हीपैकी कुठलं सोयीचं ते आईनं विचारल्यावर ठरेल. मी कायमचा इथं राहू शकणार नाही, दफ्तर बोलावेल, जावं लागेल. मी गेल्यावर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आज एवढंच आहे, की ती जेवली.

तुझं भरलेलं पान शेवटी तुझ्या वहिनीनं उचललं. भांडी घासायला मोरीकडे नेता नेता थांबली. मला वाटलं, आता म्हणेल की छान केलंत. लग्न झाल्यापासून मी त्या वाक्याची वाट पाहतोय. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अहो, भावजी एकदा नव्हते शिंकत. दोनदा शिंकायचे. पहिली जोरात आणि दुसरी छोटी, शरमल्यासारखी. उद्या लक्षात ठेवा."